मेंदूच्या वाटेवरचे ध्वनी



स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने इतिहास सांगावयाचा म्हटला की राज्ये, लढाया, चळवळी आणि थोर पुरुष यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो इतिहास एका ध्वनीचा आहे. हा ध्वनी सेकंदाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी वेळ टिकतो. उघड्या कानाला तो कधीच ऐकू येत नाही. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताच्या ओघातून गुठळीचा एखादा सूक्ष्म कण वाहत जातो, तेव्हा कानशिलावर टेकवलेल्या यंत्रातून तो पाखराच्या चिवचिवाटासारखा उमटतो. असे ध्वनी ऐकू आले, की त्या रुग्णाला पुढे अर्धांगवायूचा झटका येण्याचा धोका किती, याचा काही अंदाज बांधता येतो.

हा ध्वनी ऐकण्यापर्यंत माणूस कसा पोहोचला, त्याचा अर्थ लावावयास किती काळ लागला, आणि अर्थ कळल्यावर आपण त्याचे काय करावयाचे, असे तीन प्रश्न मी आजच्या विवेचनासाठी घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बव्हंशी परदेशी झालेल्या संशोधनात आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र मुंबई, नागपूर, गडचिरोली आणि आपला मध्य प्रदेश यांच्याकडे पाहूनच द्यावे लागते.

१. व्याधीची नावे

आपल्या भाषेत या व्याधीला अर्धांगवायू, पक्षाघात, लकवा अशी नावे आहेत. खेड्यापाड्यांतून 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. आयुर्वेदाने पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली. या सर्व नावांत एक गोष्ट समान आहे. ती व्याधीचा दिसणारा परिणाम सांगतात, म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पडली हे सांगतात. मूळ बिघाड मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, हे त्यांतून कळत नाही. युरोपातही निराळी स्थिती नव्हती. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ मध्ये या आघाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचे शवविच्छेदनाने दाखवून दिले, तेव्हा कोठे विचाराला नवी दिशा मिळाली.

पुढचे पाऊल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूडोल्फ फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी टाकले. रक्ताची गुठळी एका ठिकाणी तयार होते, तिचा तुकडा सुटतो, प्रवाहाबरोबर दूर वाहत जातो आणि अरुंद जागी अडकून बसतो, हे त्यांनी सिद्ध केले. अशा वाहत्या तुकड्याला त्यांनी दिलेले नाव पाचर किंवा खुंटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. मराठी परिभाषेत त्याला 'अंतर्कील' म्हणतात. कील म्हणजे खुंटी किंवा पाचर. परिभाषेचे शब्द पुष्कळदा बोजड ठरतात; हा शब्द मात्र आपले काम चोख करतो.

अर्धांगवायूचे मुख्य प्रकार दोन : रक्तवाहिनी फुटल्यामुळे होणारा आणि ती तुंबल्यामुळे होणारा. मुंबईत २००५ व २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वस्तीतील दीड लाखांहून अधिक प्रौढ रहिवाशांची पाहणी केली. तीत पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रुग्ण आढळले. त्यांपैकी ३६६ जणांत, म्हणजे शंभरांतील ८० जणांत, वाहिनी तुंबलेली होती. एकूण रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. आपला विषय या तुंबण्याशी, आणि त्यातही वाहत येऊन अडकणाऱ्या कणांशी संबंधित आहे.

२. वैद्याचा कान

शरीराच्या आत पाहता येत नव्हते त्या काळी वैद्य स्पर्शावर व श्रवणावर विसंबून असे. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन येते. व्हिएन्नातील लेओपोल्ड आउएनब्रुगर हे खानावळवाल्याचे चिरंजीव. छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजावरून आतील रोग ओळखण्याची पद्धत त्यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. पिंपावर ठोकून आतील मद्याची पातळी अजमावण्याच्या रीतीशी तिचे साम्य उघड आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. हृदय आणि फुप्फुसे बोलू लागली. मेंदू मात्र कवटीच्या जाड पेटीत मौन धरून राहिला.

त्या पेटीबाहेर, मानेत आणि डोळ्यांत, काही खुणा सापडतात हे अमेरिकेत व कॅनडात कार्य केलेल्या सी. मिलर फिशर यांनी दाखविले. मेंदूला रक्त पुरविणारी मानेतील रोहिणी तुंबणे आणि अर्धांगवायू होणे यांचा संबंध त्यांनी १९५१ मध्ये ठळकपणे मांडला. काही रुग्णांना मोठ्या झटक्यापूर्वी एका डोळ्याने थोडा वेळ दिसेनासे होई व दृष्टी पुन्हा परत येई. असा प्रसंग चालू असताना फिशर यांनी एका रुग्णाच्या नेत्रपटलाचे निरीक्षण केले, तेव्हा तेथील बारीक रोहिण्यांतून पांढरट कण हळूहळू पुढे सरकताना त्यांना दिसले. ही नोंद १९५९ ची. अंतर्कील जिवंत माणसात वाहताना प्रत्यक्ष दिसला. परंतु डोळा ही मेंदूच्या वाटेवरची एक लहानशी खिडकी. त्या नेमक्या क्षणी खिडकीपाशी वैद्य उभा असणे हा योगायोगच म्हणावयाचा.

याच दशकात शस्त्रक्रियेचाही मार्ग खुला झाला. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी मानेतील रोहिणीचा रोगट भाग काढून रक्तप्रवाह पूर्ववत केल्याचे प्रसिद्ध केले. पण शस्त्रक्रिया करतानाही कण सुटून झटका येऊ शकतो. तेव्हा ज्यांच्या मानेतील रोहिणी चरबीच्या थराने अरुंद झाली आहे त्यांतील कोणाला खरा धोका आहे आणि कोणाला औषधे पुरेशी आहेत, हा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या साधनाने पुढे मिळू लागले, त्याचा उगम शंभराहून अधिक वर्षे आधीचा आणि वैद्यकाच्या पार बाहेरचा आहे.

३. ताऱ्यांपासून कानशिलापर्यंत

प्रागमध्ये अध्यापन करणारे ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये जोडताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची कंपने, वाढलेली भासते. दूर जात असेल तर ती कमी झालेली भासते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ताऱ्यांच्या रंगांविषयीचा त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. तत्त्व मात्र अचूक ठरले. १८४५ मध्ये हॉलंडमधील बाइस बालॉट यांनी आगगाडीवर कर्णे वाजविणारे वादक बसवून आणि रुळांकाठी सुरांचे जाणकार उभे करून त्याची परीक्षा घेतली. येणाऱ्या गाडीचा सूर चढा व जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू आला. फलाटावर उभे राहून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग नकळत केलेला असतो.

सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेला ध्वनी माणसाला ऐकू येत नाही. तो श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच अल्ट्रासाउंड. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधले होते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा मागोवा घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी हा गुणधर्म वापरून श्राव्यातीत लहरी पाण्यात सोडल्या व त्यांचे प्रतिध्वनी टिपले. या लहरी मेंदूतून आरपार पाठवून त्याचे चित्र मिळविण्याचा प्रयत्न ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक यांनी केला आणि १९४२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे असे आढळले, की त्या चित्रांतील आकृत्या बऱ्याच अंशी कवटीच्या हाडामुळेच उमटल्या होत्या. हाडाने पुन्हा एकदा वाट अडविली होती.

वाहत्या रक्ताचा वेग डॉप्लरच्या तत्त्वाने मोजण्याचे श्रेय जपानमधील ओसाका येथील शिगेओ सातोमुरा यांच्याकडे जाते. प्रथम त्यांनी हृदयाच्या हालचालींचा अभ्यास केला. नंतर मानसोपचार व मेंदूविकारांचे वैद्य झिरो कानेको यांच्या साहाय्याने ते मानेतील रोहिण्यांकडे वळले. त्यांचा रक्तप्रवाहावरील निबंध १९६० मध्ये आला आणि त्याच वर्षी सातोमुरा यांचे निधन झाले.

मानेपर्यंत पोहोचलेला हा मार्ग कवटीच्या आत जाण्यास आणखी २२ वर्षे लागली. नॉर्वेचे रूने आस्लिड स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काम करीत होते. लहरींची कंप्रता जितकी अधिक तितके हाड त्यांना अधिक शोषून घेते, हे जाणून त्यांनी २ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० लाख कंपने, एवढी तुलनेने कमी कंप्रता निवडली. जागा निवडली कानशिलाची. कारण तेथे कवटीचे हाड पातळ असते. १९८२ मध्ये मार्कवाल्डर आणि नॉर्नेस यांच्यासह त्यांनी जाहीर केले, की कवटीला छिद्र न पाडता, सुई न टोचता, मेंदूच्या मधल्या मुख्य रोहिणीतील रक्ताचा वेग मोजता येतो. निरोगी माणसांत तो सरासरी सेकंदाला सुमारे ६२ सेंटीमीटर भरला.

यातील गंमत पाहावी. सोडलेली लहर श्राव्यातीत, परतणारी लहरही श्राव्यातीत. परंतु या वेगाच्या रक्तामुळे दोहोंत जो फरक पडतो तो सेकंदाला साधारण दीड हजार कंपनांचा असतो, आणि दीड हजार कंपने आपला कान सहज ऐकू शकतो. म्हणून यंत्राने हा फरक वेगळा काढून ध्वनिवर्धकाकडे पाठविला, की मेंदूतील रक्ताचा ओघ 'सूं सूं' असा तालात ऐकू येतो. लेनेक यांच्या कागदाच्या सुरळीला जे साधले नव्हते ते येथे साधले.

४. सुपातील खडा

तांदूळ सुपात पाखडताना त्यात खडा असला, तर तो वेगळा वाजतो. रक्तप्रवाहातील अंतर्कीलाचे तसेच आहे. रक्तपेशींपासून परतणारा प्रतिध्वनी मंद असतो. गुठळीचा कण किंवा हवेचा बुडबुडा त्याहून जोरदार प्रतिध्वनी देतो. हे प्रथम लक्षात आले ते बुडबुड्यांच्या बाबतीत. अमेरिकेतील सिएटल येथील मेरिल स्पेन्सर हे खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या, म्हणजे सूर मारणाऱ्या माणसांच्या, रक्तात तयार होणाऱ्या बुडबुड्यांचा अभ्यास करीत होते. १९६९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयावरील खुल्या शस्त्रक्रियेत रक्तात शिरणारी हवा डॉप्लर यंत्राने ओळखण्याची पद्धत मांडली. कानशिलाची वाट उघडल्यावर हेच कान मेंदूकडे वळले. मानेतील रोहिणीवर शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूच्या रोहिणीतून केवळ हवाच नव्हे, तर घन कणही जात असल्याचे स्पेन्सर यांच्या गटाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले.

येथून अर्थ लावण्याचे अवघड काम सुरू झाले. रुग्णाने जबडा हलविला तरी यंत्र खरखरते. खोकला आला तरी आवाज होतो. मग खडा कोणता आणि सुपाचा आवाज कोणता? १९९५ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एकत्र येऊन ओळखीच्या खुणा ठरविल्या. संकेत ३०० सहस्रांश सेकंदांपेक्षा कमी वेळ टिकावा, तो आसपासच्या प्रवाहाहून किमान ३ डेसिबेलने ठळक असावा, सर्वसाधारणपणे एकाच दिशेने जाणारा असावा आणि त्याचा आवाज टिचकी, चिवचिव किंवा कण्हण्यासारखा असावा. यंत्रयुगाच्या परिभाषेत पाखराची चिवचिव अधिकृतपणे दाखल झाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी अखेरचा निवाडा तयार कानाने करावयाचा होता.

कण ओळखला तरी तो कशाचा हा प्रश्न उरतोच. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णांत असे संकेत पुष्कळदा शेकड्यांनी ऐकू येतात. परंतु अशा रुग्णांना प्राणवायू हुंगावयास दिला असता ते कमी होतात, असे आढळले. म्हणजे ते बव्हंशी झडपेपाशी तयार होणारे वायूचे बुडबुडे होते, आणि त्यांच्या संख्येवरून झटक्याचे भाकीत करता येत नव्हते. याउलट मानेतील अरुंद रोहिणीपासून निघालेले थोडेसे घन कणही अधिक गंभीर ठरू शकतात. केवळ मोजणी म्हणजे ज्ञान नव्हे, हा धडा येथे मिळाला.

५. धोका म्हणजे काय?

ज्यांच्या मानेतील रोहिणी अरुंद झाली आहे, परंतु ज्यांना अद्याप काहीच त्रास नाही, अशा ४६७ व्यक्तींचा अभ्यास ह्यू मार्कस यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांतील केंद्रांनी केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. प्रत्येकाच्या कानशिलावर तासभर यंत्र लावून नोंद घेतली गेली. ७७ जणांत सूक्ष्म अंतर्कीलांचे संकेत आढळले. दोन वर्षांच्या काळात संकेत असलेल्यांपैकी दरसाल शंभरांत ३.६२ जणांना त्या बाजूचा झटका आला. संकेत नसलेल्यांत हेच प्रमाण ०.७० होते.

या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. संकेत असलेल्यांचा धोका इतरांच्या पाचपट भरला, ही एक बाजू. संकेत असलेल्या शंभरांपैकी ९६ जणांना त्या वर्षी असा झटका आला नाही, ही दुसरी. पूर्वसूचना म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ज्योतिषी एका माणसाचे भवितव्य सांगू पाहतो; वैद्यकशास्त्र एका समूहातील प्रमाण सांगते आणि त्या प्रमाणावरून एका माणसासाठी निर्णय घ्यावयाचा असतो. शस्त्रक्रिया कोणावर करावी याची निवड करण्यास अशी नोंद उपयोगी पडते. युरोपातील रक्तवाहिनी शल्यतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही अधिक धोक्याच्या लक्षणांत तिचा समावेश झाला आहे.

सूचनेचा दुसरा उपयोग औषधाची परीक्षा घेण्यासाठी झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगात, मानेतील रोहिणी अरुंद असून नुकताच त्रास झालेल्या आणि संकेत ऐकू येणाऱ्या १०७ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली गेली. केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ७२.७ टक्क्यांत सातव्या दिवशीही संकेत कायम होते. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ते ४३.८ टक्क्यांवर आले. औषध लागू पडते आहे की नाही, हे झटक्याची वाट न पाहता आठवड्याभरात कानाने कळू लागले.

तिसरी घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कॅनडातील डेव्हिड स्पेन्स यांच्या चिकित्सालयात २००३ पासून चरबी व रक्तदाब यांवरील उपचार अधिक कसोशीने होऊ लागले. त्यापूर्वी त्रास नसलेल्या रुग्णांपैकी १२.६ टक्क्यांत सूक्ष्म अंतर्कील ऐकू येत. नंतर हे प्रमाण ३.७ टक्क्यांवर उतरले. जो ध्वनी ऐकण्यासाठी दीड शतकाची खटपट झाली, तो ध्वनी उपचारांनी विरळ होऊ लागला. पहारेकऱ्याची आरोळी ऐकून गावाने दारे नीट लावली, म्हणजे आरोळीची गरजच कमी होते. या शास्त्राचे खरे यश मी त्यात पाहतो.

६. आपल्या भूमीत

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून शासकीय सेवेतील अनेक मराठी कुटुंबे येथे आली. तुलसी नगर, शिवाजी नगर, तात्या टोपे नगर या वसाहतींतील मराठी बोलण्याचा उगम बराचसा तेथे आहे. नागपूर सुटले, परंतु नागपूर आणि आपले राज्य यांना जोडणारी एक व्याधी मागे राहिली नाही. १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाविषयी लिहिले. विदर्भ, सातपुड्याचा प्रदेश आणि मध्य प्रदेशाचे आदिवासी जिल्हे यांत हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो.

या व्याधीत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि काही मुलांत मेंदूच्या मोठ्या रोहिण्या हळूहळू आकसतात. नदीचे पात्र अरुंद झाले की ओघाचा वेग वाढतो. तसाच या रोहिण्यांतील रक्ताचाही वेग वाढतो. आस्लिड यांच्या यंत्राने तो मोजता येतो. अमेरिकेतील रॉबर्ट ॲडम्स व सहकाऱ्यांनी हा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा अधिक असलेली १३० मुले निवडली. निम्म्यांना नियमित रक्त दिले, उरलेल्यांवर नेहमीचे उपचार केले. रक्त न मिळालेल्या गटात ११ मुलांना झटका आला, रक्त मिळालेल्या गटात एकाला. फरक एवढा स्पष्ट होता, की प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत ठोस रक्षण या यंत्राने येथे केले, असे म्हणता येईल. ते कण ऐकून झाले नाही. वेग ऐकून झाले, एवढाच भेद.

आपल्याकडील सिकलसेलच्या प्रकारात गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते आणि त्याने काहीसे संरक्षण मिळते. म्हणून परदेशी आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. आपल्या मुलांच्या नोंदी आपणच घ्याव्या लागतील. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. रक्ततपासणीत आजार आढळलेल्या मुलाच्या कानशिलापर्यंत हे यंत्र पोहोचणे, ही त्यापुढची पायरी होय.

येथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. याच श्राव्यातीत लहरींनी आपल्या देशात गर्भातील मुलीची ओळख पटवून तिला जन्माआधीच नाकारले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. लहर तीच, प्रतिध्वनीही तोच. ऐकलेल्याचे काय करावयाचे हे यंत्र ठरवीत नाही. ते ऐकणारा समाज ठरवितो.

आणि ज्यांच्यापर्यंत कोणतेच यंत्र पोहोचत नाही त्यांचे काय? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला व तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ अर्धांगवायूने झाले होते. इतर कोणत्याही एका कारणाहून ही संख्या मोठी होती. त्यांतील ८७.३ टक्के मृत्यू घरीच झाले. अर्धांगवायू हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

७. सर्वांत स्वस्त कान

कानशिलावरील डॉप्लरला मर्यादा आहेत. काही व्यक्तींचे, विशेषतः वृद्ध स्त्रियांचे, हाड लहरींना वाट देत नाही. कण ऐकण्यासाठी तासभर बसावे लागते आणि जाणकार कान लागतो. तेव्हा ही परीक्षा प्रत्येकाची व्हावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु या इतिहासातून हाती येणारे तत्त्व सर्वांसाठी आहे, आणि त्याची साधी साधने आपल्याजवळ केव्हाची आहेत.

१९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने दंडाला बांधलेल्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून रक्ताचा ठोका ऐकला, आणि रक्तदाब मोजण्याची आजही वापरली जाणारी रीत दिली. ती श्रवणाचीच रीत आहे. अर्धांगवायूच्या कारणांत वाढलेला रक्तदाब अग्रभागी आहे. आपल्या तुलसी नगराजवळचे, लोकांच्या तोंडी 'बाराशे पन्नास' म्हणून असलेले जयप्रकाश रुग्णालय असो की गडचिरोलीतील आरोग्य उपकेंद्र असो, रक्तदाबाचा पट्टा दोन्हीकडे तेच काम करतो. त्याहूनही जुने साधन म्हणजे मनगटावरील तीन बोटे. नाडी सर्वस्वी बेताल लागत असेल, तर हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो. लहानपणच्या संधिज्वराने झडप आकसलेल्या तरुणांतही हा धोका संभवतो, आणि आपल्या देशात असे रुग्ण थोडे नाहीत.

क्षणभर तोंड वाकडे झाले, हात गळून पडला, जीभ अडखळली, एका डोळ्यापुढे पडदा आला आणि थोड्या वेळाने सारे पूर्ववत झाले, की घरोघरी 'बरे वाटले ना, मग झाले' असे म्हटले जाते. फिशर यांनी नेत्रपटलात पाहिलेले पांढरट कण असेच येऊन गेले होते. ओसरलेली लक्षणे हीच निसर्गाने मोठ्याने दिलेली सूचना. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. आणि लक्षणे ओसरली नाहीत, तर गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देता येते. घरी वाट पाहण्यात जाणारा प्रत्येक तास त्यातूनच वजा होतो.

डॉप्लरपासून आस्लिडपर्यंत १४० वर्षे माणसाने कान तयार केला. आता ऐकू येण्याची अडचण फारशी उरलेली नाही. ऐकलेले मनावर घेण्याची आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वैद्य असतील, कोणी अभियंते, कोणी शासनात, बहुतेक गृहस्थाश्रमी. ज्यांच्या हाती यंत्रे आहेत त्यांनी ती शहडोल आणि गडचिरोलीच्या वाटेला न्यावीत. ज्यांच्या हाती नाहीत त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब या आठवड्यात मोजवून घ्यावा आणि त्यांच्या नाडीवर घटकाभर बोटे ठेवावीत. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी वर्गात आपल्याला 'लक्ष देऊन ऐका' असेच सांगितले होते.